पत्त्यासकट प्रार्थना

आमच्या शेजारच्या पाळकांइतका सज्जन माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नाही, आणि सज्जनपणाची इतकी धास्ती लोकांनी दुसऱ्या कोणाची घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हे मी पुरेशा जबाबदारीने लिहितो आहे. माझं आयुष्य अकोल्यातल्या एका दैनिकाच्या कचेरीत इतरांच्या मजकुरातली अतिशयोक्ती कापण्यात गेलं. हे वाक्य दुसऱ्या कोणी लिहून आणलं असतं तर मी त्यावर लाल रेघ मारली असती. पण चर्चच्या आवारातलं त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि भिंतीपलीकडच्या माणसाबद्दल इतकी वर्षं पुरावा गोळा होत गेला की आता रेघ मारता येत नाही. मी त्यांच्या मंडळीतला नाही. आमच्याकडे सत्यनारायण होतो आणि त्याचा प्रसाद पाळक दोन द्रोण घेत. मंडळीतले लोक त्यांना पाळकसाहेब म्हणत, गल्लीतले बाकीचे पाद्रीबाबा म्हणत, आणि आमचा दूधवाला काही कारण नसताना त्यांना डॉक्टरसाहेब म्हणे. या तिन्ही हाकांना ते सारखीच ओ देत.

शरीराने ते लहानखुरे होते, आवाज मात्र मोठ्या देहासाठी बनवलेला असावा. तो आवाज गाण्याचा नव्हता, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत कधी पोहोचली नाही. चर्चमध्ये गीत सुरू झालं की सर्वांच्या आधी त्यांचा आवाज निघे आणि सर्वांच्या नंतर थांबे. पेटी वाजवणारे गृहस्थ स्वभावाने शांत होते. ते पहिलं कडवं पाळकांचा सूर शोधण्यात घालवत, दुसऱ्या कडव्यात तो सापडल्यासारखा वाटे, आणि तिसऱ्याला पाळक पुढच्या पट्टीत निघून गेलेले असत. उपदेश मात्र ते आटोपशीर करत. अकोल्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बसलेल्या माणसाला तारणापेक्षा पंख्याची गरज जास्त असते, हे त्यांना मान्य होतं. वीज गेली की ते चालू वाक्य पूर्ण करत, "प्रभूची इच्छा" म्हणत आणि पुस्तक मिटत. मे महिन्यात उपदेशाच्या ऐन मध्यावर वीज वारंवार जाऊ लागली, तेव्हा कोणीतरी मेन स्विचपाशी बसतं अशी शंका मंडळीच्या कमिटीने घेतली. पाळकांनी चौकशी होऊ दिली नाही. म्हणाले, "बसत असन एखादा. त्याचाही जीव उकडते."

त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती, पण ती त्यांच्याकडे कधी नसे. ज्याला गरज असेल तो किल्ली मागे आणि ते देत. त्यामुळे स्कूटर जुन्या शहरात दिसली म्हणजे पाळक जुन्या शहरात आहेत असं समजायला आधार नव्हता. ते बहुधा जठारपेठेत कोणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर बसलेले असत. हिवाळ्यात शेंदूरजनाघाटहून त्यांना संत्र्यांच्या पेट्या येत. नोकरीच्या सुरुवातीला ते तिकडे होते आणि तिथल्या बागवाल्यांनी त्यांना सोडलं नव्हतं. पेटी आली की ते ती फाटकाशी उघडून ठेवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून संत्री देत. एकदा आमच्या बायकोने त्यांना सुचवलं की थोडी घरात ठेवा, तुम्हालाही लागतील. त्यांना ही सूचना फार पटली. त्यांनी चार संत्री घरात नेली, आणि संध्याकाळी तीच चार संत्री आमच्याकडे घेऊन आले.

गैरहजर माणसाविषयी वाईट बोललेलं त्यांना ऐकवत नसे. असे लोक पुष्कळ असतात, ते विषय बदलतात किंवा खिडकीबाहेर पाहतात. पाळकांची पद्धत वेगळी होती. कोणी कोणाविषयी तक्रार सुरू केली की ते लगेच उठून चपला घालत. "थांबा," ते म्हणत, "त्याले घेऊनच येतो. अर्धी गोष्ट त्याच्यापाशी असन." आणि ते खरोखर जात. कमिटीच्या एका सभासदाने एकदा दुसऱ्याविषयी तोंड उघडलं, तर पाळकांनी त्या दुसऱ्याला भर जेवणातून उठवून आणलं. उजव्या हाताला वरणभात तसाच, डाव्या हाताने लेंगा सावरलेला, असा तो दारात उभा राहिला आणि "काय झालं?" विचारू लागला. ज्याने तक्रार केली होती त्याला त्या क्षणी फक्त हवामानाविषयीच बोलता आलं. या पद्धतीमुळे पाळकांच्या ओसरीवर निंदा साफ बंद पडली. आमच्या कचेरीत मी ती एकदा वापरून पाहिली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलाशी चहाला कोणी बसेना.

माझे वडील वारले तेव्हा ते भिंतीपलीकडून पहिले आले. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाने काहीतरी बोलून घेतलं. वय झालं होतं, सुटले, पुण्यवान होते, असं. पाळक काही बोलले नाहीत. ते थोडा वेळ बसले, मग त्यांना न्हाणीत उष्ट्या कपांचा ढीग दिसला. ते उठले, बाह्या सारल्या आणि कप विसळायला बसले. तेराव्यापर्यंत ते रोज येऊन ते काम करून जात. नातेवाइकांपैकी एकाने त्यांना गडी समजून पाणी आणायला सांगितलं, ते त्यांनी आणलं. दुःखाच्या घरी शब्द शोधू नयेत, काम शोधावं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. त्यांच्याइतकं ते मला साधत नाही, कारण कप मला नीट विसळता येत नाहीत.

पण त्यांची खरी ख्याती होती ती प्रार्थनेची. दर रविवारी उपदेशानंतर ते आजारी आणि अडचणीतल्या माणसांसाठी मोठ्याने प्रार्थना करत, आणि ती पत्त्यासकट करत. "हे प्रभू," ते म्हणत, "जुन्या शहरात, दगडी पुलाकडून आत शिरल्यावर डाव्या हाताला जो लोखंडी जिना आहे, त्याच्यावरच्या खोलीत तुझी लेक एकटी राहते. तिच्या गुडघ्यात पाणी झालं आहे. तिला जिना उतरवत नाही आणि भाजी आणायला कोणी नाही." वृत्तपत्राच्या दृष्टीने मजकूर निर्दोष होता. कोण, कुठे, काय आणि कधीपासून, सगळं पहिल्या दोन वाक्यांत येई. मी एकदा विचारलं की देव सर्वज्ञ असताना त्याला डावा हात आणि लोखंडी जिना कशासाठी सांगायचा. ते म्हणाले, "देवाले ठाऊकच आहे हो. मंडळीले कुठं ठाऊक असते?" आणि खरोखर, उपासना संपली की मंडळी त्या जिन्यावर जाई. कोणी भाजी नेई, कोणी डबा, कोणी नुसतं बसायला जाई. पोटदुखीच्या एका वृद्धाकडे तर एका रविवारी मऊ भाताचे इतके डबे आले की त्याने निरोप पाठवला, "पाळकसाहेबाले सांगा, माह्यं नाव काढा. मले झोपू देत नाईत लोक." पुढच्या रविवारी पाळकांनी प्रभूला त्याचा हा निरोपही शब्दशः कळवला.

याच सवयीने मेट्रनबाईंच्या घराचा घात केला.

मेट्रनबाई म्हणजे डाबकी रोडवर, पिठाच्या गिरणीसमोर राहणाऱ्या एक निवृत्त परिचारिका. त्यांनी हयात दवाखान्यात काढली होती आणि वॉर्डात चालत तशाच त्या रस्त्यानेही चालत. माणसं बाजूला होत. नवरा लवकर गेला होता. एकच मुलगा, अमोल. मुलगा सरळ होता, मेहनती होता, आणि तलाठ्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला होता. दरम्यान त्याच्यासाठी अमरावतीच्या एका मुख्याध्यापकांची मुलगी सांगून आली. करुणा तिचं नाव. ती एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. पोरापोरीची पसंती झाली, आणि अमोल तर पहिल्याच भेटीत पार गुंतला. मुख्याध्यापकांनी विचारलं की मुलगा करतो काय. मेट्रनबाईंनी उत्तर दिलं की तलाठ्यात लागणार आहे. पुढच्या भेटीत 'लागणार आहे' याचं 'लागल्यासारखंच आहे' झालं, आणि त्यानंतर एक दिवस तो लागलाच. ही नेमणूक शासनाने केलेली नव्हती, पण डाबकी रोडवर ती सर्वांना माहीत झाली. शेजारीपाजारी अमोलकडे सातबारा घेऊन येऊ लागले. तो बिचारा मागच्या दाराने निघून जाई.

मुख्याध्यापक, त्यांची पत्नी आणि करुणा एका रविवारी साखरपुड्याची तारीख पक्की करायला अकोल्यात आले. आधी उपासना, मग मेट्रनबाईंकडे जेवण, मग तारीख, असं ठरलं होतं. पाहुण्यांना मानाने दुसऱ्या बाकावर बसवलं. अमोल तलाठी झाल्याचं पाळकांच्या कानावर नव्हतं, उलट अमोल स्वतः आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे येऊन 'पुढच्या आठवड्यात पेपर आहे, छातीत धडधडते' असं सांगून गेला होता. पुढे काय झालं ते मी तिघांकडून स्वतंत्रपणे ऐकलं आणि तिघांच्या सांगण्यात फरक आढळला नाही.

"हे प्रभू," पाळकांनी डोळे मिटून सुरुवात केली, "डाबकी रोडवर, पिठाच्या गिरणीसमोर, मेट्रनबाईंच्या घरी तुझं लेकरू अमोल राहतो. तो येत्या आठवड्यात तलाठ्याच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसतो आहे. मागच्या दोन्ही वेळा गणिताने त्याचा घात केला. या खेपेला त्याची बुद्धी शांत ठेव, आणि हे प्रभू, त्याला अपूर्णांक आठवू दे."

"आमेन," मंडळी म्हणाली. दुसऱ्या बाकावरून मुख्याध्यापकही सवयीने मोठ्याने "आमेन" म्हणाले, आणि मग त्यांनी डोळे उघडले.

पाहुणे शिस्तीचे होते. ते ठरल्याप्रमाणे मेट्रनबाईंकडे जेवायला गेले, बिर्याणी चांगली झाली आहे असं म्हणाले, आणि हात पुसता पुसता मुख्याध्यापक म्हणाले, "घरी विचार करून कळवतो." ज्यांच्याशी विचार करायचा ते सारं घर त्या वेळी तिथेच जेवत होतं. या वाक्याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो.

पाळकांना मात्र काय घडलं याचा पत्ता संध्याकाळपर्यंत नव्हता. पेटीवाल्या गृहस्थांनी येऊन सांगितलं तेव्हा ते माझ्या ओसरीवर होते. मग मला म्हणाले, "मी खोटं त नाई बोललो?"

"नाही."

"मंग एवढं कसं मोडलं?"

आमच्या धंद्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी प्रार्थना केली ती अशी: "हे प्रभू, जे आजारी आहेत आणि जे अडचणीत आहेत, ते तुला ठाऊक आहेत." आणि थांबले. मंडळी अजून काही येईल म्हणून डोळे मिटून वाट पाहत राहिली. काही आलं नाही. त्यानंतर त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही, जिना सांगितला नाही, गिरणी सांगितली नाही. व्यक्तींसाठीची प्रार्थना ते आता घरी, ओठ हलवत, आवाज न करता करत. याचा परिणाम लवकरच दिसला. पोटदुखीच्या वृद्धाकडे डबे येईनासे झाले आणि मऊ भाताला कंटाळलेला तो माणूस ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहू लागला. लोक वाईट नव्हते. कोणाकडे जायचं हे त्यांना कळत नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यांनी अशी केली की उपासना संपली की ते चालत मेट्रनबाईंच्या घरी जाऊ लागले. बाई दार उघडत नसत. मग पाळक ओट्यावर बसत. एप्रिलचा शेवट होता, आणि अकोल्यात त्या दिवसांत दुपारी कावळेसुद्धा दिसत नाहीत. ते डोक्याला रुमाल बांधून तिथे बसत, तासाभराने उठत आणि परत येत. पुढच्या रविवारी पुन्हा जात. गिरणीवाला सांगे की बाई जाळीच्या दाराआडून पाहत असतात आणि हे पाळकांनाही माहीत आहे. असे काही रविवार गेले. मेच्या एका दुपारी मी त्यांना कारमध्ये घालून घरी न्यायला गेलो, तेव्हा जाळीच्या दारातून आवाज आला.

"पाळकसाहेब, ऊन लागून मरसान अन् पंचनामा माह्या ओट्यावर होईन."

"हो," पाळक म्हणाले.

"हो काय? उठा."

"बसू द्या थोडं."

दार उघडलं. मेट्रनबाई बाहेर आल्या, हातात मीठसाखरेच्या पाण्याचा तांब्या होता. त्यांनी पाळकांचं मनगट धरलं, उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाडी मोजली आणि तांब्या त्यांच्यापुढे आदळला. पाळकांनी तो सगळा प्यायला. मग बाई बोलल्या.

"तुमी माह्या पोराचं लगन मोडलं."

"मोडलं."

"काई त म्हणा! चूक झाली म्हणा, देवाची मर्जी म्हणा!"

"देवाची कुठं, चूक माहीच आहे."

"तुमाले खोटं बोलता येत नाई. ठीक आहे, पाळक आहात. पण गप्प बसता येते का नाई माणसाले?"

"शिकून राहिलो, मेट्रनबाई," पाळक म्हणाले.

बाईंनी तांब्या उचलला आणि दार लावून घेतलं. अमोल मागच्या बाजूने आमच्या कारपर्यंत आला. दाढी वाढलेली होती. पाळकांनी त्याची माफी मागितली तर तो म्हणाला, "मले त मोकळं वाटलं, पाळकसाहेब. तलाठी होणं लय कठीण काम होतं. लोकं रोज सातबारा घेऊन येत." मग त्याचा चेहरा पडला. "पण तिले वाटत असन मीच खोटं बोललो. तिच्या बाबानं फोनवर इचारलं, काहून खोटं सांगतलं म्हणून. आईचं नाव कसं घेऊ? गप्प बसलो." तिसरा पेपर तो देऊन आला होता. अपूर्णांक त्याला आठवले नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला कामानिमित्त अमरावतीला जायचं होतं, तर पाळक कारमध्ये येऊन बसले. मुख्याध्यापकांकडे जायचं आहे आणि तुम्हीही आत चला, म्हणाले. मी का, असं विचारलं तर म्हणाले, "पेपरवाला बसला म्हणजे माणूस मोजून बोलते. मीबी मोजून बोलीन." मूर्तिजापूरला आम्ही चहा घेतला. बडनेरा आल्यावर त्यांनी आपली अडचण सांगितली. अमोल खोटारडा नाही हे सांगायचं तर खोटं कोण बोललं हे सांगावं लागेल. ते सांगितलं की मेट्रनबाईंची अब्रू जाते. आईला वाचवावं तर मुलगा बुडतो. "काई सुचत असन त सांगा," म्हणाले. मी हातातल्या माहितीची मांडणी करणारा माणूस आहे. माहिती झाकण्याचा सराव त्यांच्याइतकाच मलाही नव्हता.

मुख्याध्यापकांचं घर कॅम्प भागात होतं. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि मग सरळ विषयाला हात घातला. "पाळकसाहेब, तलाठी नसता तरी चाललं असतं. पण आम्ही फसवले गेलो. ते मुलगा बोलला की आणखी कोणी, एवढं सांगा."

पाळक म्हणाले, "मुलगा माझ्याशी कधी खोटं बोलला नाही."

"मग आम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हाला ठाऊक असेल कोणी सांगितलं."

"दोघंही समोर बसलेले होते. आई बोलत होती, मुलगा मान खाली घालून होता. त्याच्या संमतीनेच ना ते? की त्याला न विचारता?"

यावर पाळक काही बोलले नाहीत. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. त्यांचा चेहरा प्रथम लाल झाला, मग कपाळावर घाम आला, मग त्यांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. एखादं कपाट आतून उघडू पाहत असावं आणि त्यांनी ते पाठीने दाबून धरलं असावं, तसे ते बसले होते. करुणा आतल्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, बस करा. त्यांना त्रास होऊन राहिला."

"मी काही बोललो नाही," पाळक घाईने म्हणाले.

"नाही बोललात," ती म्हणाली. "अमोलही नाही बोलला. फोनवर तोही असाच गप्प होता. दोघं जण एवढे गप्प ज्या माणसासाठी बसतात, तो माणूस घरातलाच असते." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "सासू जरा वाढवून सांगते, एवढंच ना? आपली आत्या काय कमी सांगते?"

मुख्याध्यापकांची पत्नी इतका वेळ आत होती. आत्याचं नाव निघताच ती बाहेर येऊन बसली, आणि संभाषण तलाठ्यावरून पूर्णपणे सरकलं. अर्ध्या तासाने मुख्याध्यापक हसत होते. पाळकांनी मात्र परतीच्या वाटेवर बडनेऱ्याला कार थांबवायला लावली. तिथे म्हणाले, "गप्प बसूनबी सांगून टाकलं मी. आता माणसानं करावं काय?"

लग्न दिवाळीनंतर अकोल्याच्या चर्चमध्ये झालं. मी आमच्या बायकोबरोबर मागच्या बाकावर होतो. या विवाहास कोणाची हरकत असेल तर ती आताच सांगावी, असं पाळकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. तेव्हा मंडळीतल्या यच्चयावत माणसांनी श्वास रोखून पाळकांकडेच पाहिलं. तेही क्षणभर थांबले, बहुधा स्वतःला तपासून, आणि मग पुढे गेले.

मेट्रनबाईंनी सून आनंदाने घरात घेतली. पाळकांना मात्र त्यांनी माफ केलं नाही. आपली गोष्ट अमरावतीला कशी कळली हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांच्या मते हा दुसरा गुन्हा पहिल्यापेक्षा मोठा होता. त्या दर रविवारी चर्चमध्ये येत, शेवटच्या बाकावर बसत आणि पाळकांच्या कोणत्याही प्रार्थनेला आमेन म्हणत नसत. प्रभूने शिकवलेली प्रार्थना तेवढी त्या म्हणत, कारण ती पाळकांची नव्हती. वाटेत भेट झाली तर त्या नमस्कार घेत, देत नसत. पाळक तरी दर वेळी थांबून, हात जोडून, "बरं आहे ना, मेट्रनबाई?" विचारत. उत्तर येत नसे. ते अशी मान हलवत की जणू आलं आहे. या सगळ्या वर्षांत नावानिशी प्रार्थना त्यांनी पुन्हा मोठ्याने केली नाही. मंडळीतल्या काहींनी विनंती केली, कमिटीने रीतसर विचारलं. ते म्हणत, "माह्या तोंडाचा भरवसा नाई राहिला मले."

निवृत्त झाल्यावर ते अमरावतीला मुलीकडे राहायला गेले. भिंतीपलीकडे नवे पाळक आले. ते गातात चांगलं, मोजकं बोलतात आणि त्यांची कार फाटकाच्या आत उभी असते. त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. अमोल आणि करुणाही एव्हाना अमरावतीतच होते. अमोल खतं-बियाण्यांचं दुकान चालवतो आणि तलाठ्यांना उधारी देत नाही. मेट्रनबाई नातीसाठी तिकडेच गेल्या. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. मग पाळक अंथरुणाला खिळल्याचं कळलं, आणि मी गेलो.

दुपार होती. मुलीने दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. पाळक खाटेवर होते, मुळात लहान असलेला माणूस आणखी लहान झालेला. खाटेशेजारच्या खुर्चीवर मेट्रनबाई बसल्या होत्या. मांडीवर रक्तदाब मोजण्याचं यंत्र होतं, आणि एका हाताने त्या पाळकांच्या दंडाला गुंडाळलेला पट्टा सोडत होत्या. मला पाहून त्यांना संकोच वाटला असावा, कारण मी काही विचारण्याआधीच त्या खणखणीत आवाजात बोलल्या.

"मी त्याइले माफ नाई केलं. सांगून ठेवते. इंजेक्शन द्यायले जे पोरगी येते, तिचा हात थरथरते, म्हणून येते मी."

पाळकांच्या मुलीने नंतर सांगितलं की बाई रोज येतात. चादर त्याच बदलतात, अंग त्याच पुसतात, आणि सगळा वेळ रागावत असतात.

आम्ही थोडं बोललो, म्हणजे मी बोललो आणि ते ऐकत राहिले. गल्लीतल्या माणसांची चौकशी त्यांनी केली, एकेकाची, दुखण्यासकट. मग ते थकले आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलू लागले. काय चाललं आहे हे मला कळलं. कित्येक वर्षं ते तसंच चालत आलं होतं, आवाजाशिवाय. मेट्रनबाई यंत्र पेटीत ठेवता ठेवता थांबल्या. त्यांनी त्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि खुर्ची खाटेच्या जवळ ओढली.

"मोठ्यानं म्हणा," त्या म्हणाल्या. "मले ऐकू नाई येत."

पाळकांनी डोळे उघडले. बाईंनी आपले मिटले होते आणि पदर डोक्यावरून घेतला होता. मी हळूच उठलो आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. आतून तो मोठा आवाज अगदी बारीक होऊन येत होता. नावं येत होती, पण कोणाची ते तिथून नीट ऐकू येत नव्हतं, आणि मी उठून दाराशी गेलो नाही.